बालवीर चळवळीची घडण व आपले कर्तव्य

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात बालवीर चळवळीच्या इतिहासाचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही बंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संस्थेचा अहवाल, वसतिगृहाचा जमाखर्च, यशस्वी विद्यार्थ्यांचा गौरव, दिवंगतांस श्रद्धांजली हे या अंकाचे नेहमीचे विषय होत. तथापि आमची सारी हयात शाळेच्या चार भिंतींत व शाळेपुढील मैदानात गेली, आणि मुले घडतात ती जितकी भिंतींच्या आत तितकीच मैदानावर, अशी आमची धारणा झाली आहे. शिवाय ज्ञातीतील तरुण मंडळींकडून अलीकडे एक सूचना वारंवार पुढे येते. ती अशी की, आपल्या संस्थेने ज्ञातीतील मुलांपुरते एक स्वतंत्र बालवीर पथक काढावे. सूचना सद्‌हेतूची आहे, यात शंका नाही. परंतु तीवर मत देण्यापूर्वी ही चळवळ कोठून आली, आपल्या प्रांतात कशी रुजली, कशी दुभंगली व पुन्हा कशी एक झाली, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उगम

या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे इंग्लंडच्या लष्करातील अधिकारी. त्यांच्या लष्करी सेवेचा प्रारंभ १८७६ साली हिंदुस्थानातच झाला. पुढे १८९७ पासून मीरत येथे ते एका घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख होते. तेथे शिपायांस टेहळणीचे, म्हणजे माग काढणे, वाट शोधणे, थोड्या साधनांत निभाव लावणे यांचे शिक्षण त्यांनी लहान लहान तुकड्या पाडून दिले. या शिक्षणाचा अनुभव त्यांनी पुस्तकरूपाने लिहिला व ते पुस्तक १८९९ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. मॅफेकिंग या गावास शत्रूचा वेढा पडला व तो २१७ दिवस टिकला. त्या वेढ्यात गावातील मुलांनी निरोप पोचविणे, पहारा देणे अशी कामे केली. मुलांवर विश्वास टाकला असता मुले त्या विश्वासास उतरतात, हा धडा बेडन-पॉवेल यांच्या मनावर तेथे ठसला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात ब्राऊन्सी नावाच्या लहानशा बेटावर मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले. सुमारे वीस मुले होती व त्यांचे चार संघ पाडण्यात आले होते. वाचकांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. त्यांपैकी काही मुले इंग्लंडातील श्रीमंतांच्या नामांकित शाळांतून आलेली होती, तर काही मुले कष्टकरी कुटुंबांतील होती. इंग्लंडात जातिभेद नसला तरी वर्गभेद अतिशय कडक होता आणि ही मुले एरवी एका पंक्तीस बसली नसती. शिबिरात ती एका तंबूत निजली, एका चुलीवरचे अन्न जेवली. चळवळीचा जन्मच मुळी या मिश्रणातून झाला आहे. पुढील वर्षी, १९०८ साली, बेडन-पॉवेल यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक पाक्षिक भागांनी निघू लागले. ते वाचून मुलांनी ठिकठिकाणी आपण होऊन संघ काढले. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यास काही मुली गणवेशात येऊन उभ्या राहिल्या व आम्हांसही घ्या म्हणाल्या. त्यातून १९१० साली मुलींची स्वतंत्र शाखा निघाली. तिलाच आपण पुढे वीरबाला असे सुंदर नाव दिले.

हिंदुस्थानात आगमन

हिंदुस्थानातील पहिले पथक १९०९ साली बंगळूर येथे कॅप्टन बेकर यांनी काढले. त्यामागून एकदोन वर्षांत पुणे, खडकी, मुंबई, लोणावळे, मद्रास, जबलपूर, सिमला इत्यादी ठिकाणी पथके निघाली. म्हणजे आपल्या प्रांताचे नाव या इतिहासात अगदी आरंभापासून आहे. परंतु त्या नावाचा अभिमान धरण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. ही पथके युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. पुण्याच्या किंवा लोणावळ्याच्या देशी मुलास त्यांत प्रवेश नव्हता. हिंदी मुलांस माग काढणे, खुणांनी संदेश देणे, शिस्तीने एकत्र वावरणे शिकविले तर उद्या ती क्रांतिकारक निघतील, अशी धास्ती सरकारी वर्तुळात होती. आपल्याच गावच्या मैदानावर परक्यांची मुले तंबू ठोकतात आणि आपल्या मुलांनी ते कुंपणाबाहेरून पाहावे, असा तो प्रकार होता.

दार बंद आहे म्हणून आपली मंडळी हात जोडून बसली नाहीत. १९१३ साली मध्यप्रांतात व्हिव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी हे कार्य सुरू केले. हे बोस म्हणजे नागपूरचे नामांकित कायदेपंडित. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश व १९५१ ते १९५६ सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. इतक्या मोठ्या पदावरील माणसाने मुलांच्या शेकोटीभोवती बसण्यात कधी कमीपणा मानला नाही, ही गोष्ट आपल्या पदवीधर तरुणांनी लक्षात ठेवावी. त्याच वर्षी उत्तरेत शहाजहानपूर येथे पंडित श्रीराम बाजपेयी यांनी पथक काढले. १९१६ साली मद्रासेस डॉ. ॲनी बेझंट व जॉर्ज अरुंडेल यांनी हिंदी मुलांची स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिच्या गणवेशात साहेबी टोपीऐवजी फेटा होता आणि शेकोटीस देशी गीते गाइली जात. १९१८ साली अलाहाबाद येथे पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व बाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवासमितीची बालवीर संघटना उभी राहिली. मेळ्यांतील यात्रेकरूंची सेवा हे तिचे विशेष अंग होते.

ज्यांस घरात घेत नाहीत त्यांनी आपले घर बांधावे, हाच न्याय येथे दिसतो. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ज्ञातीचे वसतिगृह बांधले तेही याच न्यायाने. शहरात शिकावयास आलेल्या आपल्या मुलांस त्या काळी खोली मिळत नसे, खाणावळीत पान मिळत नसे. म्हणून चार आणे, आठ आणे वर्गणी जमवून त्यांनी छप्पर उभे केले. बंद दारापुढे वेगळे घर बांधणे हा स्वाभिमान होय. त्यास कोणी फुटीरपणा म्हणू नये.

फाटाफूट व एकीकरण

१९२१ साली बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले. त्यांच्या भेटीत निरनिराळ्या संस्था एका छत्राखाली आणण्याचा प्रयत्न झाला व तो बव्हंशी सफल झाला. डॉ. बेझंट यांची संस्था मुख्य संघटनेत विलीन झाली आणि हिंदी मुलांस अधिकृत दार उघडले. सेवासमिती मात्र बाहेर राहिली, कारण परकीय नियंत्रण तिच्या चालकांस मान्य नव्हते. मुख्य संघटनेचे प्रमुखपद व्हाइसरॉयकडे होते आणि प्रतिज्ञेत ईश्वर व देश यांबरोबर बादशहाशी निष्ठेचाही उच्चार करावा लागे. ज्या घरात टिळक व गांधी यांची नावे आदराने घेतली जात, त्या घरातील मुलाने ही प्रतिज्ञा कोणत्या तोंडाने उच्चारावी, हा प्रश्न त्या काळच्या शिक्षकांस व पालकांस खरोखर छळणारा होता.

१९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीस पहिली अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे बालवीरांचा महामेळावा, भरली. वृद्ध बेडन-पॉवेल तीस हजर होते. परंतु त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेले काही अनुदार उद्गार प्रसिद्ध झाले आणि देशात संतापाची लाट उसळली. ज्याने साऱ्या जगातील बालवीर एकमेकांचे बंधू आहेत असा नियम घालून दिला, त्यानेच एका सबंध राष्ट्राच्या शीलावर बोट ठेवावे, हे दुःख मोठे होते. परिणामी १९३८ साली राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन ही संघटना उभारली. आमच्या मते येथे त्या मंडळींचा विवेक विशेष दिसतो. त्यांनी माणसाचे उद्गार नाकारले, पण त्या माणसाने दिलेली चांगली पद्धत नाकारली नाही. संघ, शेकोटी, गाठी, सेवा हे सारे तसेच ठेवून त्यांनी ते देशाच्या स्वाभिमानास जोडले.

मात्र या फुटीचा भार मुलांवर पडला. देशात बारा वर्षे दोन संघटना चालल्या. गणवेश निराळे, ध्वज निराळे, अधिकारी निराळे, आणि शिकवण मात्र एकच. स्वातंत्र्य आल्यावर या दुहीस काही कारण उरले नाही. पण कारण नाहीसे झाले म्हणजे संस्था आपोआप एक होतात असे नव्हे. प्रत्येक संस्थेचे पदाधिकारी असतात, निधी असतो, जागा असते आणि मानापमान असतात. पंडित नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मंगळदास पक्वासा, पंडित कुंझरू, बाजपेयी, न्यायमूर्ती बोस इत्यादिकांनी हा गुंता सोडविला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन्ही संघटना विसर्जित होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था निर्माण झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी वीरबालांची संघटनाही तीत सामील झाली. मुलांची व मुलींची मिळून एकच राष्ट्रीय संस्था असणे ही त्या काळी जगात विरळ गोष्ट होती. संस्थेच्या चिन्हात बालवीरांचे लिलीचे फूल, वीरबालांचे त्रिदल व मध्यभागी अशोकचक्र अशी तिन्ही एकत्र आहेत. एकीकरणाचा सारा इतिहास त्या एका बिल्ल्यात सामावला आहे.

प्रांतिक संघटनेची रचना

आपल्या महाराष्ट्र राज्याच्या संघटनेत तीन भागांतील प्रवाह मिळाले आहेत. पश्चिम महाराष्ट्र व कोकण जुन्या मुंबई इलाख्यातील. विदर्भ १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. राज्यपुनर्रचना झाली, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि या तिन्ही भागांतील पथके एका राज्यसंस्थेच्या कक्षेत आली. दादरच्या जुन्या रहिवाशांस शिवाजी पार्कच्या मैदानालगतचा स्काऊटचा हॉल परिचित आहेच. पुण्याचा मान याहून आगळा आहे. तेथे १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ‘संगम’ या वीरबालांच्या जागतिक केंद्राचे उद्घाटन झाले. ज्या पुण्यातील पहिल्या पथकास देशी मुले चालत नव्हती, त्याच पुण्यात देशोदेशींच्या मुली पाहुण्या म्हणून येऊ लागल्या, हा काळाचा महिमा होय.

संघटनेची रचना खालून वर अशी समजून घेतली पाहिजे. कारण तिचा पाया खालीच आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ व त्याचा एक संघनायक. अशा दोन ते चार संघांचे एक पथक व त्याचा एक शिक्षक, ज्यास आपण स्काऊटमास्तर म्हणतो. लहान मुलांचे कब व मुलींचे बुलबुल, मधल्या वयाचे स्काऊट व गाईड, आणि तरुणांचे रोव्हर व रेंजर अशा पायऱ्या आहेत. शाळेतील ही पथके मिळून एक समूह होतो. त्यावर स्थानिक व जिल्हा संस्था, त्यावर राज्यसंस्था व सर्वांवर नवी दिल्ली येथील राष्ट्रीय कार्यालय. राष्ट्रपती हे राष्ट्रीय संस्थेचे आश्रयदाते असतात. जिल्ह्याच्या आयुक्तपदांवर बहुधा शिक्षण खात्यातील अधिकारी वा मुख्याध्यापक असतात. ही पदे मानाची, बिनपगारी असतात. रोजचा पत्रव्यवहार, शिबिरे व परीक्षा पाहण्यास जिल्हा संघटक असतो. शिक्षकांस क्रमाक्रमाने शिक्षण देऊन अखेर हिमालय वुड बॅज ही पात्रता मिळते. राष्ट्रीय शिक्षणकेंद्र सातपुड्यात पचमढी येथे आहे. कबांच्या खेळांतील अकेला, बलू, बघीरा ही नावे किपलिंगच्या ज्या जंगलकथांतून घेतली आहेत, त्या कथांचे शिवनीचे अरण्यही विदर्भाच्या उंबरठ्याशीच आहे.

मुलाची प्रगती प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्यांनी होते. गाठी, प्रथमोपचार, दिशाज्ञान, स्वयंपाक, पोहणे, तंबू उभारणे अशा विषयांत कसोट्या असतात. नियम नऊ आहेत. विश्वासपात्र असावे, निष्ठावंत असावे, सर्वांचा मित्र व प्रत्येक बालवीराचा बंधू असावे, विनयशील असावे, प्राणिमात्रांवर व निसर्गावर प्रेम करावे, शिस्त पाळून सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करावे, धैर्य धरावे, काटकसर करावी आणि मन, वाणी व आचरण शुद्ध ठेवावे, असा त्यांचा आशय आहे.

‘खरी कमाई’ ही प्रथा तर महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. इंग्लंडात १९४९ साली मुलांनी शेजाऱ्यांची लहानसहान कामे करून पथकासाठी एकेक शिलिंग मिळविण्याचा उपक्रम निघाला. त्याच जातीचा हा आपला उपक्रम. मुलाने दारी यावे, अंगण झाडावे, पाणी भरावे, पुस्तके लावून द्यावी आणि मिळालेले नाणे आपल्या कार्डावर नोंदवावे. त्या पैशाचे मोल थोडे. पण श्रम हलके नाहीत व हात पसरण्यापेक्षा हात चालविणे बरे, हे दहा वर्षांच्या मुलास त्यातून जे कळते ते शंभर पाठांनी कळत नाही. ज्या घरांत केरसुणीस हात लावणे कमीपणाचे मानले जाई, त्या घरांतील मुलांनी दुसऱ्याचे अंगण झाडले, ही आमच्या दृष्टीने लहान क्रांती नव्हे.

शिबिरातील स्वयंपाकाचेही तेच. संघातील आठ मुलांनी मिळून चूल मांडावयाची, पाळीपाळीने पाणी आणावयाचे, भाकरी भाजावयाची व एकत्र बसून जेवावयाचे. पाणी कोणी आणले आणि पीठ कोणी मळले, हा प्रश्न भूक लागलेल्या मुलास पडत नाही. सहभोजनाची व्याख्याने ऐकून जे घडण्यास अनेक वर्षे लागली, ते शिबिरात करपलेल्या भाकरीबरोबर सहज गिळले जाई.

आजची स्थिती

इतके सांगितल्यावर आजची उणीव झाकून ठेवणे बरे नव्हे. पुष्कळ शाळांतून पथक नोंदवहीत असते, मैदानावर नसते. वार्षिक शुल्क भरले जाते, पाहुणे आले म्हणजे गणवेशातील मुले स्वागतास उभी राहतात, आणि संघाची साप्ताहिक सभा मात्र भरत नाही. दोष केवळ शिक्षकांस देता येत नाही. त्यांच्या माथी सरकारी माहिती भरण्याची इतकी कामे येतात की सायंकाळी मैदानावर उभे राहण्यास त्राण उरत नाही. पालकांचे लक्ष शिकवणीवर्गांकडे. पुरस्काराचे सवलतीचे गुण मिळतात काय, एवढीच त्यांची पृच्छा. याखेरीज गणवेश, बूट, पट्टा, शिबिराची वर्गणी हा खर्च गरीब घरास जड जातो. होतकरू मुलगा केवळ गणवेश नाही म्हणून मागल्या रांगेत उभा राहतो व पुढील आठवड्यापासून येतच नाही, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

ज्ञातीने काय करावे

आता मूळ सूचनेकडे वळू. ज्ञातीचे स्वतंत्र पथक काढावे काय? आमचे उत्तर नम्र परंतु स्पष्ट नकाराचे आहे. वरील इतिहासातून दोन गोष्टी निघतात. दार बंद होते तेव्हा बोस, बेझंट, मालवीय यांनी वेगळे घर बांधले व ते योग्यच केले. दार उघडले तेव्हा त्यांच्याच परंपरेतील माणसांनी आपली पदे, आपला गणवेश, आपले नाव सोडून एक घर केले व तेही योग्यच केले. पहिल्या कृतीस स्वाभिमान लागतो, दुसरीस त्याहून मोठा संयम लागतो. आज बालवीर पथकाचे दार धर्म, जात, वंश न पाहता सर्वांस उघडे आहे. तेथे आपण आपल्या हाताने नवे कुंपण घालावे, हे त्या इतिहासास शोभणारे नाही. आणि मुलाच्या दृष्टीने पाहू जाता, ज्ञातीतील मुले तर लग्नकार्यात व स्नेहसंमेलनात एकमेकांस भेटतातच. संघात त्याच्या शेजारी दुसऱ्या आळीतला, दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या परिस्थितीतला मुलगा असावा, यातच त्या शिक्षणाचे सार आहे.

कोणी म्हणतील, मग ज्ञातिसंस्थेने यात काहीच करावयाचे नाही काय? पुष्कळ करावयाचे आहे. शिष्यवृत्ती-निधीतून काही रक्कम बाजूस काढून गरजू मुलामुलींस गणवेश व शिबिरखर्च द्यावा. आणि तो केवळ आपल्याच ज्ञातीच्या मुलांस न देता, ज्या शाळेत आपली मुले आहेत त्या शाळेच्या संपूर्ण पथकातील गरजूंस द्यावा. वसतिगृहाचे अंगण व सभागृह रविवारी सकाळी जवळच्या शाळांच्या पथकांस वापरू द्यावे. ज्ञातीतील सेवानिवृत्त शिक्षक, परिचारिका, पोलीस व लष्करातील मंडळी यांनी प्रथमोपचार, कवायत, दिशाज्ञान शिकविण्यास महिन्यातून दोन तास द्यावे. मातांनी मुलींस शिबिरास पाठविण्यास कचरू नये; घराबाहेर चार दिवस राहून आलेली मुलगी अधिक जबाबदार होऊन परत येते, असा आमचा अनुभव आहे. आणि खरी कमाई मागण्यास मूल दारी आले तर त्यास नाणे देऊन वाटेस लावू नये; त्यास खरोखर काम सांगावे, ते नीट झाले की नाही हे पाहावे आणि मगच मोल द्यावे.

दोन संघटनांस एक होण्यास बारा वर्षे लागली. एकीकरणास आता पाऊणशे वर्षांचा काळ लोटला. त्या एकीचे फळ वाढावे की वाळावे, हे दिल्लीच्या कार्यालयापेक्षा गावोगावच्या मैदानावर ठरणार आहे. आपल्या संस्थेची पुढील वार्षिक सभा भरेल, तेव्हा गणवेश-निधीचा ठराव कोणी तरी मांडावा व दुसऱ्याने त्यास अनुमोदन द्यावे, एवढीच आमची ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे. रक्कम थोडी असली तरी चालेल. आरंभ मात्र याच वर्षी व्हावा.